हिरवं दार

पहिलं विमान मी धावपट्टीवरच मोडलं.
दुसरं उडालं आणि लगेच मागे कलंडलं,
पाठीवर पडलेल्या मेंढीसारखं,
पाय वर करून.

डॅड सोफ्यावरून म्हणाला, "शेपूट जड झालंय."
एवढंच. आणि पुन्हा चहाकडे वळला,
जो तो आता झाकणाच्या कपातून पितो
आणि ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

पडद्यावर दोन गोळे दिसतात.
लाल, जिथे विमानाचं सगळं वजन गोळा होतं.
निळा, जिथून पंख उचलतात.
लाल पुढे हवा, निळा किंचित मागे.
किंचित म्हणजे किती, हे खेळ सांगत नाही.
डॅडने हात पुढे केला, अंगठा आणि तर्जनीत
एक अंतर धरलं.
ते अंतर थरथरत होतं.
मी मधला आकडा घेतला.

मग सगळा हिवाळा, जेवणं झाल्यावर,
दक्षिणेचा वारा मटाउरा नदीवरून येऊन
पत्रा उचकटत असताना
आम्ही एकच विमान बांधत बसलो:
बुटकं, रुंद खांद्यांचं, लांब नाकाचं.
"पंख आणखी एक अंश वर घे.
डोंगराच्या आडोशाला ती डुलायची."
ती.
आई स्वयंपाकघरातून म्हणाली,
"सत्तावीस वर्षं सवत होती माझी. नीट बांधा."

चाकं मोठी, कारण लॅक्लनच्या कड्यावरची पट्टी
पट्टी नव्हतीच. गवत होतं, उतार होता,
आणि उतार संपल्यावर काही नव्हतं.
रंग पिवळा. उजवं दार फक्त हिरवं.
आमच्याकडे दक्षिणेत र जिभेवर घोळवतात,
डॅड तर जरा जास्तच:
"दारर हिरवं ठेव."
"का?"
"दुसऱ्या विमानाचं होतं."
कुणाच्या, ते त्याने सांगितलं नाही.
मी हिरव्याच्या चार छटा दाखवल्या.
तिसरीवर तो बराच वेळ गप्प झाला.
मी तिसरी घेतली.

आता खत.
या खेळात बॉम्ब मिळतात, रॉकेटं मिळतात,
कुरणावर सुपरफॉस्फेट टाकायचं मात्र
कुणालाच सुचलेलं नाही.
मी इंधनाची एक जादा टाकी पोटात बसवली,
टनभर भरली, आणि एका बटणावर
सुटी होईल अशी जोडली.

"आता," डॅड म्हणाला. मी टाकी सोडली.
ओझं गेलं तशी ती उसळली,
नाक आभाळात, वेग शून्याकडे,
आणि मी कळ दाबेपर्यंत
पिवळा चुरा समुद्रात.
"पुन्हा."
पुन्हा चुरा.
"पुन्हा."

चौथ्यांदा मी त्याच्याकडे पाहिलं.
डावा हात सोफ्याच्या कडेशी, जिथे काहीच नाही,
तिथली एक दांडी ओढत होता.
उजवा मुठीत हवा धरून पुढे रेटत होता.
दोन्ही थरथरतच होते,
पण पडद्याच्या आधी पोचत होते.

पाचव्या वेळी मी पडदा सोडला
आणि त्याचं मनगट पाहून उडवलं.
ती उसळली, दबली,
कुत्र्याने अंग झाडावं तशी हलली
आणि सरळ झाली.
"अर्धा सेकंद उशीर," डॅड म्हणाला
आणि झोपायला गेला.
डॉक्टरांनी त्याचा परवाना काढून घेतल्याला
त्या आठवड्यात तीन वर्षं झाली होती.
तारीख मला नंतर आठवली.

सकाळी संगणक गरम होता.
मी फाइलला नाव दिलं होतं: अकरा.
आता तिथे होतं: हिरवं दारररररर
बोट एका अक्षरावर अडकलेलं,
किंवा अडकलेलं नसेलही.

मी र मोजले. सहा.
एकही पुसला नाही.
आई माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाली,
"मर्डोला शुद्धलेखन कधीच जमलं नाही,"
आणि बराच वेळ
तिथेच उभी राहिली.